घरझडती : पोलीस दारात आले तर

झडतीच्या आधारावर उभ्या राहिलेल्या फौजदारी खटल्यात वकिलांची बरीचशी ओढाताण शेवटी एका कागदाभोवती येऊन थांबते. त्यावर काय लिहिलंय, काय लिहायचं राहिलंय, सह्या कुणाच्या आहेत, वेळ कोणती टाकली आहे. हा कागद कोर्टात तयार होत नाही. तो तयार होतो कुणाच्या तरी घरात, जेवणाच्या टेबलावर, नाहीतर कॉटवर फायलीचा टेका घेऊन. त्या वेळी घरातली माणसं इतकी भांबावलेली असतात, की कागदावर काय उतरतंय याकडे कुणाचं लक्षच नसतं. हा कागद म्हणजे पंचनामा. वॉरंट, पंच, मोबाइल यांबद्दल पुढे सांगणारच आहे. पण वाचकाने एकच गोष्ट लक्षात ठेवायची म्हटली तर ही ठेवावी : दारात हुज्जत घालून पदरात काही पडत नाही. झडती नीट पाहावी आणि जे घडलं ते लेखी उतरेल असं बघावं.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि कलमांचे आकडे बदलले. झडती कशी घ्यायची हे सांगणारं जुनं कलम 100 आता 103 झालं आहे, तर वॉरंटशिवाय झडती घेण्याचं जुनं 165 आता 185. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'तुमचे हक्क' छाप संदेशांत अजून जुनेच आकडे असतात. ते पोलिसांच्या तोंडावर फेकायला जाऊ नका. नवीन कायदा महाराष्ट्राला आणि गोव्याला सारखाच लागू आहे.

पोलीस दारात आले म्हणजे झडतीलाच आले असं नाही. पासपोर्टची पडताळणी, समन्स बजावणं, शेजाऱ्याबद्दल विचारपूस, भाडेकरूची माहिती अशा कामांसाठी आलेल्या पोलिसाला तुमच्या परवानगीशिवाय घरात शिरून कपाटं उघडायचा अधिकार नाही. त्यामुळे पहिला प्रश्न शांतपणे विचारायचा : "साहेब, कशासाठी आलात? झडतीसाठी, अटकेसाठी, की चौकशीसाठी?" या तिन्हींचे नियम वेगळे आहेत. चौकशीसाठी आले असतील तर बोलणं दारातही होऊ शकतं. 'जरा घर बघतो' या शब्दांना तुम्ही 'या की, बघा' म्हणालात तर ती तुमची संमती ठरते, आणि पुढे ती नाकारणं अवघड जातं.

झडतीसाठीच आले असतील तर दुसरा प्रश्न : "वॉरंट आहे का?"

वॉरंट असेल तर ते वाचायला मागा. झडतीचं वॉरंट लेखी असावं लागतं, त्यावर न्यायाधीशांची सही आणि न्यायालयाचा शिक्का असावा लागतो. पत्ता तुमचाच आहे का, हे आधी बघा. एकाच नावाच्या दोन इमारती आणि एकाच आडनावाची चार घरं आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतात. वॉरंट कोणत्या अधिकाऱ्याच्या नावे आहे आणि आलेला अधिकारी तोच आहे का, तेही पाहा. दुसरा अधिकारी आला असेल तर त्याचं नाव वॉरंटवर नोंदवून दिलेलं असलं पाहिजे. काही वेळा न्यायालय झडती घराच्या ठरावीक भागापुरतीच मर्यादित ठेवतं. तसं लिहिलं असेल तर पोलिसांनी त्यापलीकडे जाता कामा नये.

न्यायालय वॉरंट कधी देतं? कलम 96 प्रमाणे, एखादी वस्तू किंवा कागद मागवूनही माणूस हजर करणार नाही असं वाटलं, किंवा ती वस्तू कुणाकडे आहे हेच ठाऊक नसलं, किंवा सरसकट झडतीनेच काम होणार असलं तर. चोरीचा माल, बनावट कागदपत्रं, खोटे शिक्के ठेवल्याचा संशय असेल तर कलम 97 आहे. त्यात दंडाधिकारी शिपायाहून वरच्या हुद्द्याच्या पोलिसाला आत शिरण्याचा अधिकार देऊ शकतात.

आता वाचकांना न आवडणारी गोष्ट. 'वॉरंट नाही तर पाऊल आत टाकायचं नाही' हे आपण चित्रपटांत ऐकतो, पण आपला कायदा तसा नाही. कलम 185 प्रमाणे ठाण्याचे प्रभारी अधिकारी किंवा तपास अधिकारी वॉरंटशिवायही घराची झडती घेऊ शकतात. ही सूट मात्र मोकाट नाही. तपासाला आवश्यक असलेली वस्तू तिथे मिळेल असं मानायला सबळ कारण हवं. वॉरंट आणत बसलं तर नको इतका उशीर होईल अशी परिस्थिती हवी. ही कारणं आणि कोणती वस्तू शोधायची आहे ते, शक्य तितकं नेमकं, झडतीच्या आधी केस डायरीत लिहिलेलं हवं. अधिकाऱ्याने होईल तो स्वतः झडती घ्यायची. हाताखालच्याला पाठवलं तर लेखी आदेश देऊन पाठवायचं. आणि या नोंदींच्या प्रती 48 तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेल्या पाहिजेत. त्या प्रती घरमालकाला किंवा घरात राहणाऱ्याला अर्ज केल्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून विनामूल्य मिळतात. ही तरतूद फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे, आणि मला ती या सगळ्या कलमांतली सर्वांत उपयोगी वाटते. कारणं आधी लिहिली होती की नंतर रचली, हे त्या प्रतीवरून कळतं.

अपवाद म्हणून ठेवलेला हा मार्ग व्यवहारात हमरस्ता झाला आहे, हे माझं स्पष्ट मत आहे. पोलिसांना घाई असते हे मान्य. पण कोर्ट दोन चौक पलीकडे असताना 'उशीर झाला असता' हे कारण छापील मजकुरासारखं डायरीत उतरणं बरोबर नाही.

अदखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे ज्याला ठाण्यात 'एनसी' म्हणतात त्यात, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासच करता येत नाही. मग झडतीचा प्रश्नच येत नाही. म्हणून गुन्ह्याचा रजिस्टर नंबर आणि कलमं विचारून लिहून घ्या.

रात्री झडती घेता येत नाही हाही असाच एक समज. सर्वसाधारण कायद्यात घरझडतीला वेळेचं बंधन नाही. सूर्यास्तानंतरचं बंधन आहे ते स्त्रीच्या अटकेला. त्यासाठी अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. काही खास कायदे मात्र वेळ पाहतात. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात सूर्यास्त ते सूर्योदय या काळात वॉरंटशिवाय शिरायचं तर त्याची कारणं अधिकाऱ्याला आधी लिहून ठेवावी लागतात. प्राप्तिकर खातं आणि ईडी यांची गोष्ट निराळी : त्यांचे कायदे वेगळे आहेत, आणि तिथे न्यायालयाच्या वॉरंटऐवजी त्यांच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याचा लेखी आदेश चालतो. तो आदेश वाचायला मागण्याचा हक्क तुम्हाला तिथेही आहे.

रात्रीच्या थापेचा विषय निघाला म्हणून खडकसिंगच्या खटल्याची आठवण द्यायला हवी. उत्तर प्रदेशातल्या या माणसाला दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सोडून दिलं होतं, तरी पोलिसांनी त्याचं नाव पाळतीच्या यादीत घातलं आणि रात्री-अपरात्री त्याच्या घराचं दार ठोठावून त्याला उठवणं सुरू ठेवलं. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस नियमावलीतली रात्रीच्या गृहभेटींची तरतूद रद्द केली. पुढे 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. तुमच्या घराच्या उंबरठ्याला कायद्यात जी किंमत आहे, ती या निकालांमुळे आहे.

दार उघडायचं की नाही?

वॉरंट असेल, किंवा अधिकारी कलम 185 चा अधिकार सांगत असेल, तर उघडायचं. कलम 103 प्रमाणे घरात राहणाऱ्याने आत येऊ दिलं पाहिजे आणि वाजवी सोय करून दिली पाहिजे. तुम्ही अडवलंत तर स्वतःची ओळख, अधिकार आणि हेतू सांगून, आत येऊ देण्याची मागणी करून पोलीस दार तोडू शकतात. शिवाय तुमच्यावर सरकारी कामात अडथळ्याचा वेगळा गुन्हा दाखल होतो आणि धक्काबुक्की झाली तर आणखी गंभीर कलम लागतं. झडती बेकायदा वाटत असली तरी अंगाने अडवू नका. "माझी या झडतीला संमती नाही, पण मी अडथळा करत नाही" हे एक वाक्य सर्वांसमक्ष, मोठ्याने म्हणा. चित्रण सुरू असेल तर ते त्यात येईल.

ओळखपत्र बघा, नाव, हुद्दा आणि ठाणं लिहून घ्या. शंका आली तर 112 ला किंवा ठाण्याच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून खात्री करा. आलेल्या माणसाने दिलेल्या नंबरवर नव्हे. मुंबईकरांना हे सांगायला नको. 19 मार्च 1987 ला ऑपेरा हाऊसजवळच्या एका प्रसिद्ध सराफी दुकानात सीबीआयच्या नावाने पडलेला छापा संपूर्ण बनावट होता. म्होरक्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन माणसं 'भरती' केली होती. छाप्यात आलेल्या त्या बहुतेकांना आपण खरंच सरकारी नोकरीत लागलोय असं वाटत होतं. म्होरक्या दागिने घेऊन गेला तो गेलाच. हल्ली हाच प्रकार व्हिडिओ कॉलवर होतो. 'डिजिटल अरेस्ट' किंवा 'ऑनलाइन झडती' असं कायद्यात काहीही नाही. गणवेश घालून कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाला एक रुपयाही पाठवू नका, आणि फसवणूक झाली तर ताबडतोब 1930 वर कळवा.

आत आल्यावर

झडती सुरू होण्याआधी अधिकाऱ्याने त्या भागातल्या दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवायचं असतं. त्या भागात कुणी मिळालं नाही किंवा तयार झालं नाही तरच बाहेरचे. महाराष्ट्रात गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून आणतात. पंच पोलिसांच्या गाडीतूनच उतरले, आणि तुमच्या मजल्यावरच्या एकाही दाराची बेल वाजवली गेली नाही, तर तेवढं टिपून ठेवा. पुढे उलटतपासात 'जवळपास पंच शोधण्याचा प्रयत्न केला होता का' हा प्रश्न विचारला जातो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा फक्त घरातल्या माणसालाच ठाऊक असतं. ठाण्याच्या दारात कायम घुटमळणारे 'नेहमीचे पंच' कोर्ट संशयानेच बघतं.

आता पंचनामा जवळून पाहू. पंचनाम्यात एक ठरलेलं वाक्य येतं : पोलिसांनी व पंचांनी आपली अंगझडती घरमालकास देऊ केली. म्हणजे आत शिरण्याआधी आपल्या खिशात, पिशवीत काही आक्षेपार्ह नाही हे त्यांनी तुम्हाला दाखवायचं. वाक्य लिहिलं जातं, अंगझडती मात्र खरंच दिली जाते असं नाही. तुम्ही ती घ्या. अवघड वाटेल, पण सभ्यपणे म्हणा, "साहेब, पंचनाम्यात लिहिणारच आहात, तर एकदा बघतो." बॅगा दिवाणखान्यात ठेवायला सांगा. मग एका वेळी एकच खोली. चार पोलीस चार खोल्यांत एकदम शिरले तर घरातलं माणूस एकाच ठिकाणी उभं राहू शकतं, आणि पंचही. कायदा सांगतो की घरात राहणाऱ्याला किंवा त्याच्या वतीने एखाद्याला झडतीच्या वेळी हजर राहू दिलंच पाहिजे. त्याचा अर्थ नुसतं सोफ्यावर बसून राहणं नव्हे, शोध चाललेला दिसेल असं उभं राहणं.

कपाटातून काही निघालं तर यादीत 'बेडरूममधून' एवढं पुरेसं नाही. कुठल्या खोलीतल्या, कुठल्या कपाटाच्या, कितव्या खणातून, कशात गुंडाळलेलं, किती नोटा, कोणत्या मूल्याच्या, दागिन्याचं वजन किती हे सगळं हवं. कायद्याला वस्तूंबरोबर त्या जिथे सापडल्या त्या जागाही यादीत हव्या असतात. कपाटाची चावी कुणाकडे होती, खोली कोण वापरतं, हेही लिहायला सांगा. भावाभावांच्या एकत्र घरात सगळा खटला त्या एका ओळीवर ठरू शकतो. वस्तू पाकिटात घालून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून, लाखेने सील व्हायला हवी, आणि तीही तुमच्या घरातच. 'ठाण्यात जाऊन सील करतो' याला नम्रपणे हरकत घ्या.

नव्या संहितेने एक चांगली गोष्ट आणली आहे. कलम 105 प्रमाणे झडती, जप्ती, यादी करणं आणि त्यावर पंचांच्या सह्या होणं, या सगळ्याचं ध्वनिचित्रमुद्रण केलं पाहिजे. मोबाइलवर केलं तरी चालतं. ते मुद्रण विलंब न करता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. त्यासाठी पोलिसांना 'ई-साक्ष्य' नावाचं ॲप दिलं आहे. वॉरंटशिवायच्या झडतीलाही चित्रणाची ही अट आहे. 'चित्रण सुरू केलंत का?' हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारा, आणि सुरू नसेल तर सुरू होईपर्यंत दोन मिनिटं थांबण्याची विनंती करा. घरातला किंवा सोसायटीचा सीसीटीव्ही चालू राहू द्या, आणि त्यातलं त्या दिवसाचं चित्रण पुसलं जायच्या आत जपून ठेवा.

स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीच घेऊ शकते, तीही सभ्यतेची पूर्ण काळजी घेऊन. पथकात महिला पोलीस नसेल तर ती येईपर्यंत थांबायला सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि यात तडजोड करू नका. वृद्ध, आजारी माणसं, परीक्षेला बसलेलं मूल घरात असेल तर ते अधिकाऱ्याच्या कानावर घाला. औषधं जप्तीच्या सामानात जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवा.

मोबाइल आणि लॅपटॉप जप्त होत असतील तर कंपनी, मॉडेल, आयएमईआय किंवा सिरियल नंबर यादीत आलाच पाहिजे, आणि उपकरण बंद करून सील झालं पाहिजे. पासवर्ड द्यायची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. गुन्ह्याचा आरोप असलेल्या कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही असं संविधानाचा अनुच्छेद 20(3) सांगतो. म्हणून 'वकिलांशी बोलून सांगतो' हे उत्तर पुरेसं आहे. खोटा पासवर्ड देणं किंवा समोर बसून काही पुसून टाकणं हे मात्र स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं आहे.

सह्यांबद्दल. यादीवर पंचांची सही लागते, तुमची नाही. यादीची प्रत तुम्हाला दिलीच पाहिजे. ती मिळाल्यावर 'प्रत मिळाली' असं लिहून, तारीख आणि वेळ टाकून सही करा. काही चुकीचं लिहिलं असेल तर सहीच्या वर तुमची हरकत दोन ओळींत लिहा. कोऱ्या कागदावर कधीही सही नाही. आणि तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या तुमच्या जबाबावर सही लागत नाही. सही घेऊ नये असं कायदाच सांगतो.

तुम्हालाच पंच म्हणून बोलावलं तर? लेखी आदेश असताना सबळ कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हा आहे, त्यामुळे जा. पण शेजाऱ्याच्या घरात उभं राहून जे डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यावरच सही करा. पंचनामा पूर्ण वाचा. खास समन्स आल्याशिवाय कोर्टात जावं लागत नाही, पण ते आलं तर काही वर्षांनी तुम्हाला हेच सगळं शपथेवर सांगायचं आहे. 'सगळे करतात म्हणून केली' अशा सहीने एखाद्या निरपराध माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं.

नंतरचे दिवस

पोलीस गेल्यावर त्याच रात्री, घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे, जे पाहिलं ते वहीत लिहून काढावं. किती वाजता आले, किती जण, कोण कुठल्या खोलीत गेलं, काय नेलं. आठवणी दोन दिवसांत एकमेकांत मिसळतात. पुढच्या आठवड्यात कलम 185 च्या नोंदींच्या प्रतीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. जप्त झालेली गाडी, लॅपटॉप, पैसे परत हवे असतील तर 'मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज' करता येतो. सुंदरभाई देसाई प्रकरणात 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे, की मुद्देमाल ठाण्यात सडत ठेवू नये, योग्य हमी घेऊन लवकर सोडावा.

झडतीत नियम मोडले म्हणजे खटला आपोआप संपतो का? नाही, आणि हे वाचकांना आधीच ठाऊक असलेलं बरं. 1963 च्या राधाकिशन प्रकरणापासून आपली न्यायालयं सांगत आली आहेत की झडतीत त्रुटी असली तरी सापडलेली वस्तू तेवढ्यामुळे पुराव्यातून बाद होत नाही. मात्र अशा पुराव्याकडे न्यायालय अधिक बारकाईने पाहतं. आता हे बारकाईने पाहणं कशावर होणार? तुम्ही घेतलेल्या हरकतीवर, प्रतीवर, चित्रणावर, वहीतल्या नोंदींवर. हे काहीच नसेल तर कोर्टापुढे एकाच बाजूचा कागद असतो.

छळासाठीच झडती घेतली असेल तर मार्ग आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 147 प्रमाणे अधिकार किंवा वाजवी कारण नसताना घरात शिरणं, झडती घेणं हा पोलिसाचाच गुन्हा आहे, त्याला कैदेची तरतूद आहे. तपासाच्या पद्धतीबद्दलचे कायद्याचे आदेश जाणूनबुजून मोडून कुणाचं नुकसान करणाऱ्या लोकसेवकासाठी भारतीय न्याय संहितेत कलम 199 आहे. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, राज्य मानवी हक्क आयोग यांच्याकडे तक्रार करता येते. तक्रार लेखी करा, पोच घ्या, आणि भाषा संयत ठेवा. हवालदारापासून निरीक्षकापर्यंत कायद्याने काम करणारी माणसंही पुष्कळ आहेत. त्यांनाही नीट झालेला पंचनामाच हवा असतो, कारण कोर्टात साक्षीला त्यांनाच उभं राहायचं असतं.

वकिलाचा नंबर मोबाइलमध्ये असतोच, पण मोबाइल जप्त होतो. म्हणून तो कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला आजच लावून ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली माणसं यांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. त्यांचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे 15100.